जीर्ण पेशींचा निरोप आणि इल्या मेचनिकोव्ह

माणसाच्या शरीरात दर सेकंदाला वीस ते पंचवीस लाख तांबड्या रक्तपेशींचे आयुष्य संपते. त्याची आपल्याला चाहूल लागत नाही, वेदना होत नाही, तापही येत नाही. अस्थिमज्जेत तितक्याच नव्या पेशी जन्माला येत असतात, म्हणून रक्ताचे पारडे ढळत नाही. या जीर्ण पेशी जातात कोठे, त्यांचे वय झाले हे कोणाला कळते आणि त्यांचे पुढे काय होते, या प्रश्नांचा माग काढत गेले की आपण एका विशिष्ट प्रकारच्या पेशीपाशी येऊन थांबतो. तिला मॅक्रोफेज, म्हणजे महाभक्षक पेशी, असे म्हणतात. हे नाव देणाऱ्या शास्त्रज्ञाचे नाव इल्या इलिच मेचनिकोव्ह.

पाठ्यपुस्तकांत मेचनिकोव्ह यांची ओळख रोगजंतू गिळणाऱ्या पेशींचे संशोधक अशी एका ओळीत दिलेली असते. ती खरी असली तरी अपुरी आहे. या पेशींचे सर्वांत जुने काम परक्याशी लढण्याचे नसावे, आपल्याच शरीरातले जुने, मोडके, निरुपयोगी झालेले आवरण्याचे असावे, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता. ज्या माणसाने आयुष्यात दोनदा जगण्यावरची श्रद्धा गमावली आणि पुढची पस्तीस वर्षे वार्धक्याचा व मृत्यूचा अभ्यास केला, त्याच्या हातून हा विचार पुढे यावा, यात एक संगती आहे.

खारकोव्ह ते ओडेसा

मेचनिकोव्ह यांचा जन्म मे १८४५ मध्ये त्या वेळच्या रशियन साम्राज्यातील, आजच्या युक्रेनमधील खारकोव्हजवळच्या एका गावी झाला. वडील राजरक्षक दलातील अधिकारी आणि लहानसे जमीनदार. आई ज्यू घराण्यातील. पाच भावंडांत इल्या धाकटे. निसर्गातील प्राणी, वनस्पती, दगड यांचे वेड त्यांना लहानपणीच लागले. खारकोव्ह विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोन वर्षांत पुरा केला. त्यानंतर जर्मनीच्या उत्तरेकडील हेलिगोलंड बेटावर सागरी जीवांचा अभ्यास, जर्मन विद्यापीठांतील उमेदवारी आणि पुढे नेपल्समध्ये अलेक्झांडर कोव्हालेव्हस्की यांच्यासह भ्रूणविज्ञानावरचे काम, असा त्यांचा प्रवास झाला. साध्या, पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांचे भ्रूण कसे वाढतात, हा या दोघांच्या कामाचा विषय होता. १८७० मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, ते ओडेसाच्या विद्यापीठात प्राणिशास्त्राचे प्राध्यापक झाले.

बुद्धीला यश मिळत होते, पण संसाराला ते लाभले नाही. त्यांची पहिली पत्नी ल्युडमिला क्षयाने इतकी खंगली होती की विवाहासाठी तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. तिला वाचवण्यासाठी मेचनिकोव्ह यांनी उबदार हवेचे देश पालथे घातले, कर्ज काढले, भाषांतरे केली. १८७३ मध्ये मदेरा बेटावर तिने प्राण सोडले. त्याच काळात त्यांचे डोळेही सूक्ष्मदर्शकाला साथ देईनासे झाले होते. या दुहेरी अंधारात त्यांनी स्वतःचे जीवन संपवण्याचा प्रयत्न केला. सुदैवाने तो फसला.

त्या रात्रीची एक हकिकत त्यांच्या दुसऱ्या पत्नी ओल्गा यांनी पुढे लिहिलेल्या चरित्रात आहे. जिनिव्हातील ऱ्होन नदीच्या पुलावर एका दिव्याभोवती घोंघावणारे कीटक त्यांना दिसले. काही तासांचेच आयुष्य लाभणाऱ्या किटकांची ती जात असावी, असे त्यांना वाटले. इतक्या अल्प आयुष्यात अन्नही न घेणाऱ्या अशा जीवांना नैसर्गिक निवडीचे तत्त्व कसे लागू पडेल, असा प्रश्न मनात आला आणि त्या प्रश्नाचा विचार करता करता ते पुन्हा जगण्याकडे वळले. अल्पायुषी जीवाचे कोडे त्यांना मृत्यूच्या दारातून परत घेऊन आले.

१८७५ मध्ये त्यांचा ओल्गा यांच्याशी विवाह झाला. १८८० मध्ये ओल्गा विषमज्वराने अत्यवस्थ झाल्या. विद्यापीठातील राजकारणानेही ते खचले होते. १८८१ मध्ये त्यांनी पुनरावर्ती तापाच्या रुग्णाचे रक्त स्वतःला टोचून घेतले. रोग रक्तातून पसरतो का हे त्यातून ठरणार होते आणि मृत्यू आलाच असता तर त्यालाही त्यांची ना नव्हती. ते फार आजारी पडले, पण वाचले. या दुखण्यातून उठलेला माणूस पूर्वीचा राहिला नाही. निराशेच्या जागी एक हट्टी आशावाद आला आणि तो अखेरपर्यंत टिकला.

मेसिनातील काटे

झार दुसरा अलेक्झांडर याच्या हत्येनंतर रशियातील विद्यापीठांवर सरकारी दडपण वाढले. १८८२ मध्ये मेचनिकोव्ह यांनी ओडेसाचे प्राध्यापकपद सोडले आणि ओल्गा व तिच्या धाकट्या भावंडांसह ते सिसिली बेटावरील मेसिना येथे राहायला गेले. समुद्राकाठच्या घरातील दिवाणखान्यात त्यांनी सूक्ष्मदर्शक मांडला.

नाताळच्या सुमारास एके दिवशी घरची मंडळी सर्कशीतील माकडांचे खेळ पाहायला गेली होती. मेचनिकोव्ह एकटेच ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या एका सागरी प्राण्याचे पिल्लू, म्हणजे तारामाशाचा डिंभ, न्याहाळत होते. हा डिंभ काचेसारखा पारदर्शक असतो. त्याच्या आत चाललेले सारे बाहेरून दिसते. आत काही पेशी मोकळ्या फिरत होत्या. अन्नाचे कण गिळणाऱ्या अशा पेशी त्यांनी पूर्वीही पाहिल्या होत्या. याच पेशी शरीरात शिरलेल्या उपद्रवी वस्तूवरही धावून जात असतील का, ही कल्पना त्या दुपारी त्यांना सुचली. मुलांच्या नाताळासाठी सजवलेल्या संत्र्याच्या रोपाचे बारीक काटे त्यांनी तोडून आणले आणि डिंभाच्या त्वचेखाली खुपसले. रात्रभर त्यांना झोप लागली नाही. पहाटे पाहतात तो काट्यांभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडला होता.

त्या काळी सूज ही केवळ विकृती मानली जात असे आणि पांढऱ्या रक्तपेशी रोगजंतूंना अंगभर वाहून नेतात, असाही समज होता. मेचनिकोव्ह यांनी चित्र उलटे केले. सूज म्हणजे या पेशींची धाव आणि पेशी म्हणजे शरीराचे संरक्षक, असे ते म्हणू लागले. योगायोगाने विख्यात विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो त्या सुमारास मेसिनात आले होते. त्यांनी हे प्रयोग पाहिले, उत्तेजन दिले आणि सावधपणाचा सल्लाही दिला. व्हिएन्नाचे प्राणिशास्त्रज्ञ कार्ल क्लाउस यांनी ग्रीक शब्दांवरून फॅगोसाइट, म्हणजे भक्षकपेशी, हे नाव सुचवले. १८८३ मध्ये हा सिद्धान्त प्रसिद्ध झाला. पुढच्या वर्षी त्यांनी डाफ्निया या पाण्यातील पिसवेच्या शरीरात शिरणारे बुरशीचे टोकदार बीजाणू भक्षकपेशी कसे गिळतात ते दाखवले. पेशी जिंकल्या तर पिसू जगे. बुरशी जिंकली तर मरे.

बेडकाची शेपटी

मेचनिकोव्ह यांच्या कामाचा एक भाग मात्र काट्यांच्या गोष्टीमागे झाकला जातो. त्याच काळात ते बेडूकमाशाकडे पाहत होते. बेडूकमाशाचा बेडूक होताना त्याची शेपटी गळून पडत नाही. ती आतल्या आत विरते. शेपटीचे स्नायू भक्षकपेशी खातात, हे त्यांनी पाहिले. तेथे रोगजंतू नव्हता, जखम नव्हती, परके काहीच नव्हते. शरीराने आपलाच एक अवयव, त्याची गरज संपल्यावर, आपल्याच पेशींकडून आवरून घेतला होता.

येथून त्यांची दृष्टी घडली. प्राण्याचे शरीर आरंभापासूनच एकसंध नसते. निरनिराळ्या पेशीसमूहांची त्यात ओढाताण चालते आणि भक्षकपेशी त्यांच्यात मेळ घालतात, असे त्यांचे मत होते. जे निरुपयोगी झाले ते गिळायचे आणि जे उपयोगी आहे ते राखायचे. रोगजंतू गिळणे हा या जुन्या कामाचाच पुढचा विस्तार होय. १८८७ च्या सुमारास त्यांनी भक्षकपेशींचे दोन वर्ग केले. लहान, चपळ, मुख्यतः जंतूंवर धावणाऱ्या पेशी त्यांनी मायक्रोफेज म्हटल्या; मोठ्या, सावकाश, मेलेल्या व झिजलेल्या पेशींचा समाचार घेणाऱ्या पेशींना मॅक्रोफेज हे नाव दिले. पहिले नाव मागे पडले. दुसरे आजही जगभरच्या प्रयोगशाळांत रोज उच्चारले जाते.

प्लीहेतील, म्हणजे आपण ज्याला पांथरी म्हणतो त्या अवयवातील, पेशींच्या पोटात तांबड्या रक्तपेशींचे अवशेष असतात, हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच शरीरशास्त्रज्ञांच्या नजरेस आले होते. त्याचा अर्थ मात्र लागत नव्हता. मेचनिकोव्ह यांच्या विचाराने त्याला चौकट मिळाली.

पॅरिसमधील वाद

१८८६ मध्ये ओडेसात पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावरील लस देणारी संस्था निघाली आणि तिची सूत्रे मेचनिकोव्ह यांच्याकडे आली. ते वैद्यकीय पदवीधर नव्हते, त्यामुळे स्थानिक डॉक्टरांचा विरोध होता. त्यातच मेंढ्यांवरील अँथ्रॅक्सच्या लशीचा एक प्रयोग चुकला आणि हजारो मेंढ्या दगावल्या. अखेर १८८८ मध्ये ते पॅरिसला गेले. लुई पाश्चर यांनी आपल्या नव्या संस्थेत त्यांना प्रयोगशाळा दिली. पुढची अठ्ठावीस वर्षे तेच त्यांचे घर झाले.

ओडेसातील त्यांचा एक विद्यार्थीही त्यांच्या मागोमाग पॅरिसला आला आणि पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात काम करू लागला. त्याचे नाव व्लादिमिर हाफकिन. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगने थैमान घातले, तेव्हा हाफकिन तेथे आले, ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एका लहानशा खोलीत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळच्या हाफकिन संस्थेला त्यांचेच नाव आहे. मेचनिकोव्ह यांच्या ओडेसातील वर्गाचा धागा असा मुंबईपर्यंत येऊन पोहोचतो.

पॅरिसमध्ये मेचनिकोव्ह यांची खरी लढाई सुरू झाली. जर्मनीत रॉबर्ट कॉख यांचे अनुयायी म्हणत की प्रतिकारशक्ती पेशींत नाही, रक्ताच्या द्रवात आहे. १८९० मध्ये बेहरिंग आणि कितासातो यांनी रक्तद्रवातील प्रतिविष दाखवले. १८९४ मध्ये फायफर यांनी दाखवले की लस दिलेल्या गिनीपिगच्या पोटात पटकीचे जंतू पेशींच्या मदतीवाचून फुटून जातात. भक्षकपेशी या केवळ मेलेले जंतू उचलणाऱ्या झाडूवाल्या आहेत, अशी टीका होऊ लागली. मेचनिकोव्ह यांनी प्रत्येक आक्षेपाला प्रयोगाने उत्तर दिले. वादाच्या भरात ते तापत, हातवारे करीत, पण विरोधकाचे प्रयोग स्वतः करून पाहिल्याशिवाय राहत नसत.

विरोधी बाजूचा सर्वांत मोठा पुरावा त्यांच्याच प्रयोगशाळेतून बाहेर पडला, ही या वादातील विलक्षण गोष्ट होय. तेथे काम करणारे तरुण बेल्जियन शास्त्रज्ञ झ्यूल बोर्दे यांनी १८९५ मध्ये जंतू फोडणारा रक्तद्रवातील घटक शोधला. त्याला आज कॉम्प्लिमेंट म्हणतात. १८९८ मध्ये त्यांनी सशाच्या तांबड्या रक्तपेशी गिनीपिगला टोचल्या, तेव्हा गिनीपिगच्या रक्तद्रवात सशाच्या त्या पेशी फोडण्याची शक्ती आली. प्रतिकारशक्तीच्या प्रयोगांत तांबडी रक्तपेशी येथून मध्यभागी आली. मेचनिकोव्ह यांनीही हंसाच्या तांबड्या पेशी गिनीपिगच्या पोटात सोडून पाहिल्या. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असते, त्यामुळे त्या गिनीपिगच्या पेशींमध्ये चटकन ओळखू येतात. महाभक्षक पेशींनी त्या अखंड गिळलेल्या आणि आतल्या आत पचवलेल्या त्यांना दिसल्या.

बर्लिन-फ्रँकफुर्टच्या बाजूने पॉल एहर्लिख यांनी प्रतिपिंडांचा सिद्धान्त मांडला. बोकडांना दुसऱ्या बोकडांचे रक्त टोचले असता परक्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, पण स्वतःच्या पेशींविरुद्ध होत नाहीत, असे त्यांना आढळले. शरीर स्वतःवर विष ओतणे टाळते, असा नियम त्यांनी त्यावरून बांधला. १९०८ चे नोबेल पारितोषिक मेचनिकोव्ह आणि एहर्लिख यांना विभागून देण्यात आले. निवड समितीने दोन्ही पक्षांना एका व्यासपीठावर बसवले, पण दोघांचे म्हणणे एकाच पेशीत एकत्र कसे नांदते, हे त्या वेळी कोणाला दाखवता आले नव्हते. त्याचे उत्तर पुढे म्हाताऱ्या तांबड्या पेशीने दिले.

एकशेवीस दिवसांचे आयुष्य

तांबड्या रक्तपेशीला केंद्रक नसते. अस्थिमज्जेतून बाहेर पडण्यापूर्वीच ती ते टाकून देते आणि सारी जागा हिमोग्लोबिनला देते. त्यामुळे ती प्राणवायू वाहण्यात तरबेज होते, पण स्वतःची डागडुजी करू शकत नाही. जे प्रथिन बिघडले ते बिघडले. नवे घडवता येत नाही. १९४६ मध्ये डेव्हिड शेमिन यांनी खुणेचा नायट्रोजन असलेले ग्लायसिन स्वतः सेवन केले आणि आपल्या रक्तातील त्या खुणेचा माग काढून पेशीचे आयुष्य मोजले. ते सुमारे एकशेवीस दिवसांचे असते. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे पंचवीस लाख कोटी तांबड्या पेशी असतात. म्हणजे रोज वीस हजार कोटींच्या आसपास पेशी बाद कराव्या लागतात. एवढ्यांतून नेमकी म्हातारी पेशी निवडायची आणि तरुण पेशीला धक्का लावायचा नाही, हे काम सोपे नाही.

ही पारख एका खुणेवर होत नाही. पहिली कसोटी पांथरीत लागते. तेथील रक्तमार्गाच्या भिंतीत अतिशय अरुंद फटी असतात. सात-आठ मायक्रोमीटर व्यासाची पेशी लवचीक असेल तरच अंग चोरून त्यांतून पार होते. वय झालेली पेशी आकाराने लहान, दाट आणि ताठ झालेली असते. ती अडकते किंवा रेंगाळते. फटींच्या आजूबाजूलाच महाभक्षक पेशी बसलेल्या असतात.

दुसरी खूण पेशीच्या आवरणावर असते. फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचा स्निग्ध पदार्थ निरोगी पेशीत आवरणाच्या आतल्या बाजूस राखलेला असतो. पेशी थकली की तो बाहेरच्या बाजूस येऊ लागतो. तिसरी खूण उणेपणाची आहे. तांबड्या पेशीवर सीडी-४७ नावाचे प्रथिन असते. महाभक्षक पेशीला त्याचा स्पर्श झाला की ती हात आवरते. २००० मध्ये उंदरांवर झालेल्या प्रयोगात हे प्रथिन नसलेल्या तांबड्या पेशी सामान्य उंदराच्या रक्तात सोडताच झपाट्याने नाहीशा झाल्या. वयाबरोबर या प्रथिनाचे प्रमाण आणि ठेवण बदलते व अभयाचा हा ठसा पुसट होतो.

चौथी खूण एहर्लिख यांच्या अंगणातली आहे. तांबड्या पेशीच्या आवरणात बँड-३ नावाचे प्रथिन विपुल असते. वयोमानाने त्याचे रेणू एकमेकांना चिकटून पुंजके करतात. या पुंजक्यांना ओळखणारी प्रतिपिंडे प्रत्येक निरोगी माणसाच्या रक्तात थोड्या प्रमाणात असतात. त्यांना कोणत्याही लशीची वा संसर्गाची गरज लागत नाही. ती पुंजक्यांवर बसतात, बोर्दे यांचे कॉम्प्लिमेंट त्यांच्या मदतीला येते आणि अशी खूण झालेली पेशी महाभक्षक पेशी सहज ओळखते. जीर्ण मानवी पेशींवर प्रतिपिंडे बसतात आणि महाभक्षक पेशी त्यामुळे त्यांना गिळतात, हे १९७० च्या दशकात मार्गरिट के यांच्या प्रयोगांतून पुढे आले. यांपैकी कोणत्या खुणेचा वाटा किती, यावर अजून काम चालू आहे. पण पॅरिस आणि जर्मनी यांच्यात वीस वर्षे चाललेला वाद या एका पेशीपुरता तरी मिटलेला दिसतो. शरीर स्वतःच्या पेशीविरुद्ध प्रतिपिंड वापरते, तेही अगदी मोजके, वेळ पाहून आणि कोणतीही सूज न आणता.

गिळलेल्या पेशीचे पुढे काय होते, हे पाहिले की या कामाचे मोल कळते. हिमोग्लोबिन सुटे होते, त्यातील प्रथिनांचे घटक पुन्हा वापरले जातात. लोह वेगळे काढून रक्तात सोडले जाते आणि ते अस्थिमज्जेकडे जाते. नव्या रक्तासाठी रोज वीस ते पंचवीस मिलिग्रॅम लोह लागते. अन्नातून त्यांपैकी एक-दोन मिलिग्रॅमच अंगी लागते. बाकी सारे म्हाताऱ्या पेशींचे देणे असते. उरलेल्या रंगद्रव्याचे आधी हिरवे आणि मग पिवळे द्रव्य होते व ते यकृतातून पित्तात उतरते. मुका मार लागल्यावर काळानिळा डाग हिरवट आणि मग पिवळा होत जातो, तेव्हा त्वचेखाली महाभक्षक पेशी हेच काम करीत असतात. नवजात बाळाला होणाऱ्या काविळीमागेही बहुतेक वेळा हीच मोडणी आणि अजून कोवळे असलेले यकृत असते.

पारख चुकली की त्रास होतो. सिकलसेल आजारात पेशी कोयत्यासारख्या वाकतात, दहा-वीस दिवसांतच मोडतात आणि अंगात रक्त टिकत नाही. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी भागात हा आजार अनेक घरांना ठाऊक आहे. हिवतापात पांथरी वाढते, कारण बाधित पेशी गाळण्याचे ओझे तिच्यावर पडते. रक्तपेढीतील पिशवीतही पेशी वृद्ध होतच असतात. म्हणूनच साठवलेल्या रक्ताला पाच-सहा आठवड्यांची मुदत असते. जुन्या पिशवीतील पेशींचा काही भाग रुग्णाच्या अंगात गेल्यावर पहिल्याच दिवशी महाभक्षक पेशी बाजूला काढतात. रक्तदानाची गरज एकदा भागून संपत नाही, याचे हेही एक कारण आहे.

वार्धक्याचा शत्रू

यातील बराचसा तपशील मेचनिकोव्ह यांना ठाऊक असणे शक्य नव्हते. उतारवयात त्यांचे लक्ष एका पेशीच्या वार्धक्याऐवजी माणसाच्या वार्धक्याकडे वळले. १८८१ मध्ये त्यांचे वडीलबंधू इव्हान इलिच मध्यम वयातच वारले होते आणि त्या मृत्यूवरून टॉलस्टॉय यांना एक विख्यात कथा सुचली. अकाली मृत्यूचे भय मेचनिकोव्ह यांनी घरात जवळून पाहिले होते. १९०३ मध्ये माणसाच्या स्वभावावरील ग्रंथात त्यांनी वार्धक्याच्या शास्त्राला जेरोंटॉलॉजी हे नाव दिले. माणसाने पूर्ण आयुष्य जगले तर दिवसभराच्या श्रमांनंतर झोप यावी तसा मृत्यू सहज यावा, अशी त्यांची धारणा होती.

मग वार्धक्य इतके क्लेशकारक का? येथे त्यांनी आपल्या लाडक्या पेशींवरच ठपका ठेवला. उतारवयात महाभक्षक पेशींचा तोल जातो आणि त्या मेंदू, मूत्रपिंड अशा श्रेष्ठ अवयवांच्या पेशी खाऊ लागतात, केसांचा रंगही त्याच खातात, असे त्यांना वाटे. मोठ्या आतड्यातील कुजवणाऱ्या जंतूंच्या विषाने हा तोल जातो, असे त्यांचे अनुमान होते. उपाय म्हणून त्यांनी विरजलेले दूध सुचवले. बल्गेरियातील दीर्घायुषी शेतकऱ्यांच्या आहारातील दह्याची चर्चा त्यांनी केली आणि स्वतःही रोज आंबवलेले दूध घेऊ लागले. युरोपभर दह्याची लाट आली. ज्या घरांत जेवणाचा शेवट ताकभाताने होतो, तेथील वाचकाला या लाटेचे थोडे कौतुक आणि थोडे हसू वाटल्यास नवल नाही.

या सिद्धान्ताचा मोठा भाग टिकला नाही. केस पांढरे होण्याचे कारण रंग तयार करणाऱ्या पेशी संपणे हे आहे. दह्याने आयुष्य वाढते, असेही सिद्ध झाले नाही. आतड्यातील जंतू आणि आरोग्य यांचा संबंध मात्र आज संशोधनाचा मोठा विषय आहे आणि वयाबरोबर रेंगाळणारी मंद सूज शरीर झिजवते, हेही आता मान्य आहे. ते दिशेत बरोबर होते, तपशिलात घसरले. आपल्याच पेशी गिळणे म्हणजे ऱ्हास, असे मानताना बेडकाची शेपटी त्यांच्या नजरेआड झाली. त्या पेशी जन्मभर, तारुण्यातही, रोज कोट्यवधी जीर्ण पेशी गिळत असतात आणि म्हणूनच माणूस उभा राहतो, हे तांबड्या पेशीने त्यांच्यानंतर दाखवून दिले.

१९०९ च्या मे महिन्यात मेचनिकोव्ह यास्नाया पोल्याना येथे टॉलस्टॉय यांना भेटले. एकाचा भरवसा विज्ञानावर, दुसऱ्याचा धर्मभावनेवर. मृत्यूचे भय कसे ओलांडावे, हा प्रश्न मात्र दोघांचा सारखाच होता.

पहिले महायुद्ध पेटले आणि पाश्चर संस्थेतील तरुण आघाडीवर गेले. प्रयोगशाळा ओस पडल्या. मेचनिकोव्ह यांचे हृदय आधीच थकले होते. आजारपणातही ते आपल्या शरीरात होणारे बदल शास्त्रज्ञाच्या अलिप्तपणे टिपत राहिले आणि मृत्यूनंतर आपल्या देहाची तपासणी व्हावी, अशी त्यांनी इच्छा व्यक्त केली. जुलै १९१६ मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थींचा कलश पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात ठेवलेला आहे.

तेथे फुले वाहायला फारसे कोणी जात नसेल. पण ज्या पेशीला त्यांनी नाव दिले, ती प्रत्येकाच्या पांथरीत या क्षणी काम करीत आहे. थकलेल्या पेशीला ती अडवते, खुणा तपासते, तिला पोटात घेते आणि तिचे लोह पुढच्या पेशीच्या हवाली करते.